पंचवीस बागा, एक प्रमाणपत्र आणि मधली दोन एकरं

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात २०२१च्या पावसाळ्यात पंचवीस द्राक्ष बागायतदारांनी मिळून ग्लोबलगॅपचं, म्हणजे युरोपातली गिऱ्हाइकं बागेबद्दल मागतात ते, प्रमाणपत्र घ्यायचं ठरवलं. सगळ्यांची मिळून ६५ एकर बाग. सर्वात लहान बाग एक एकराची, सर्वात मोठी सहा एकरांची. मी शेतीची पदवी घेऊन गावातच राहिलेला, म्हणून अंतर्गत तपासनिसाचं काम माझ्याकडे आलं. बाहेरचा तपासनीस यायच्या आधी प्रत्येक बाग, औषधाची खोली आणि फवारणीची वही बघून सही करायची, हे ते काम. तीन हंगामांत पैसे कुठे गेले, काय जमलं आणि माझ्या हातून काय चुकलं, ते इथे लिहितो आहे. शेजारच्या गावांतून विचारणा होते आणि फोनवर अर्धंच सांगून होतं.

आधी एक गोंधळ मिटवतो, कारण पहिल्या बैठकीत निम्मा वेळ त्यातच गेला. युरोपला द्राक्षं पाठवायची तर अपेडाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन व्यवस्थेत प्लॉटची नोंद आणि मान्य प्रयोगशाळेचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे द्राक्षात औषधाचे अंश किती याचा अहवाल, लागतोच. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडले, त्यानंतर २००६-०७ पासून ही व्यवस्था उभी राहिली. २०१० साली सीसीसीमुळे, म्हणजे क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या संजीवकामुळे, कंटेनर अडकले. ते वर्ष आमच्या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. ग्लोबलगॅपचं तसं नाही. ती सरकारची अट नाही, गिऱ्हाइकाची आहे. युरोपातल्या सुपरमार्केटवाल्यांनी १९९७ साली युरेपगॅप या नावाने हे निकष सुरू केले आणि २००७ मध्ये त्याचं नाव बदललं. रेसिड्यू रिपोर्ट द्राक्षाबद्दल बोलतो. ग्लोबलगॅप बागेबद्दल बोलतं: पाणी कुठलं, औषध कुठे ठेवलं, मजुराने हात कुठे धुतले, कुणी काय कधी मारलं आणि ते लिहिलं का. आपल्याकडचा २००६चा अन्न सुरक्षा कायदा शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतातल्या मालाला लागू होत नाही, त्यामुळे हे प्रश्न आम्हाला याआधी कुणी विचारलेच नव्हते.

एका निर्यातदाराने पहिल्याच महिन्यात सांगितलं, सगळी फी आम्ही भरतो. ऐकायला सोन्यासारखं वाटलं. पण मग प्रमाणपत्र त्यांच्या नावावर निघणार होतं. गट म्हणून प्रमाणपत्र घेताना एक धारक असतो, ते त्याच्या मालकीचं, आणि आम्ही पंचवीस जण त्याच्या यादीतली नावं. जानेवारीत दर पडला तर दुसऱ्याकडे माल द्यायला आमच्या हातात कागदच उरला नसता. गटातल्या आबांनी एका वाक्यात विषय संपवला, "बैल आपला आणि कासरा त्याच्या हातात, असं नको." आम्ही आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावानेच अर्ज केला. खर्च अंगावर आला, तरी त्या निर्णयाबद्दल मला आजही शंका नाही.

पैसे कसे वाटायचे

एकट्याने प्रमाणपत्र घ्यायचं तर आम्हाला माणशी साधारण ३२,००० रुपये सांगितले होते. गटाने घेतलं तर बाहेरचा तपासनीस सगळ्या बागा बघत नाही. गटाची कार्यपद्धती तपासतो आणि सभासदसंख्येच्या वर्गमुळाएवढ्या बागा बघतो. पंचवीसचं वर्गमूळ पाच, म्हणून पाच बागा. बाकीच्यांची जबाबदारी आमच्या अंतर्गत तपासणीवर, आणि ती मात्र दरवर्षी प्रत्येक बागेची करावी लागते.

पहिल्या वर्षाचा सामायिक खर्च आमच्या वहीत असा आहे: प्रमाणन संस्थेची फी, प्रवास आणि कर धरून १,९५,००० रुपये. पाण्याचे सात नमुने, २१,०००. माझं सहा महिन्यांचं मानधन ७२,०००. प्रशिक्षण, बोर्ड, वह्या, प्रथमोपचार पेट्या, ३७,०००. एकूण ३,२५,०००. रेसिड्यू रिपोर्टचा खर्च यात नाही, तो एरवीही होतोच.

आता हे वाटायचे कसे? माणशी वाटले तर १३,०००. एकरी वाटले तर ५,०००. एक एकरवाल्याला माणशी हिशोब म्हणजे दहा टन मालावर किलोमागे १ रुपया ३० पैसे. सहा एकरवाल्याला तोच हिशोब किलोमागे २२ पैसे. उलट एकरी हिशोबात सहा एकरवाल्याचे ३०,००० होतात, म्हणजे एकट्याने घेतलं असतं त्याच्याजवळपास. तो म्हणणार, मग मी गटात कशाला येऊ? आणि त्याचं एक म्हणणं खरंही होतं. वही तपासायला मला एक एकराला जेवढा वेळ लागतो, तेवढाच सहा एकरांना लागतो.

तीन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत मोठ्या बागांच्या बाजूने सूचना आली की लहानांमुळे खर्च वाढतो, पहिल्या वर्षी सोळाच जण घेऊ. तेव्हा मी सोसायटीच्या भिंतीवरच्या फळ्यावर मांडून दाखवलं. सोळांचं वर्गमूळ चार. सतरा झाले की पाच, ते थेट पंचवीसपर्यंत पाचच. म्हणजे सगळ्यात लहान नऊ जण गटात आल्याने बाहेरच्या तपासणीत फक्त एक बाग वाढते. नऊ माणसं, एक बाग. खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. मग निम्मा खर्च माणशी आणि निम्मा एकरी, असं ठरलं. एक एकरवाल्याला ९,०००, सहा एकरवाल्याला २१,५००. दोघांनाही थोडं टोचलं, पण दोघंही राहिले.

हा हिशोब मी अभिमानाने मांडला होता. तोच पुढच्या वर्षी माझ्यावर उलटला, ते पुढे येतं.

सामायिक खर्चाबाहेर प्रत्येकाला स्वतःच्या बागेत करावं लागलं ते वेगळं: औषधाची कुलूपबंद खोली, औषध सांडलं तर टाकायला वाळूची बादली, फवारणीनंतर अंग धुवायची जागा, संडास, हात धुवायची टाकी. कुणाचे २०,००० गेले, कुणाचे ४५,०००. हे एकदाच होतं. प्रमाणपत्र मात्र एका वर्षाचं असतं. दरवर्षी फी, दरवर्षी तपासणी. मोठा खर्च आधी करून दुसऱ्या वर्षी फी भरायचा कंटाळा करणं हा सगळ्यात तोट्याचा व्यवहार आहे.

शाळेतलं प्रशिक्षण आणि बागेतलं प्रशिक्षण

पहिलं प्रशिक्षण शाळेच्या वर्गात झालं. पडद्यावर परदेशातल्या शेतांचे फोटो, पुढे पुरुष बसलेले, मागे बायका. सह्या झाल्या, चहा झाला. कागदोपत्री ते पुरेसं होतं. पण द्राक्षाला हात लावणारं माणूस कोण? विरळणी, घड जीए या संजीवकात बुडवणं (डिपिंग), काढणी, प्लॅस्टिकच्या डब्यांत भरणं, यातलं बरंचसं काम बायकांच्या हातून होतं, आणि त्या दिवशी त्यांच्यातल्या एकीनेही तोंड उघडलं नाही.

दुसरं प्रशिक्षण मी काढणीच्या आधी बागेतच घेतलं, मांडवाखाली, जेवणाच्या सुट्टीत. तिथे पडदा नव्हता. मी एकच गोष्ट सांगितली: निर्यातीचं द्राक्ष आपण धूत नाही, धुतलं तर मण्यावरची पांढरी लव जाते. म्हणजे तुमच्या हातातून सुटलेला घड पुढे थेट कुणाच्या तरी लेकराच्या तोंडात जातो. मध्ये पाणी नाही, चूल नाही. मग प्रश्न सुरू झाले आणि थांबेनात. साबण ठेवलाय, पण पाण्याची टाकी बागेच्या त्या टोकाला, मुकादम जाऊ देईल का? रसाने हात चिकट होतात ते कशाला पुसायचे, पदराला? सकाळी मिश्री लावून आलं तर चालतं का? बोट कापलं तर पट्टी कोण देणार आणि त्या दिवसाची हजेरी मिळणार का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मालकांकडून काढून आणायला आठ दिवस लागले: जखम झाल्यास दुसरं काम द्यायचं, हजेरी पूर्ण. ते लिहून बोर्डावर लावलं.

बांगड्यांचा विषय तिथेच निघाला. काच डब्यात जाऊ नये म्हणून नियमात दागिने नकोत. काचेच्या बांगड्या काढा म्हणून सवाष्ण बाईला सांगायचं कुणी? मागच्या बैठकीत पुरुषांनी यावर नुसती मान खाली घातली होती. बागेत एका मावशीनेच तोड काढली: जुन्या साडीच्या कापडाच्या बाह्या शिवायच्या, कोपरापासून मनगटापर्यंत, दोन्हीकडे इलास्टिक. गावातल्या शिलाईवालीने १२० जोड्या शिवून दिल्या. बांगडी फुटली तरी काच बाहीतच राहते. बाहेरच्या तपासनिसाने ती बाही हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि पसंत केली.

पाण्याच्या बाबतीतही असंच झालं. सगळ्यांना वाटत होतं की ठिबकला येणाऱ्या कालव्याच्या पाण्यावरच अडेल, कारण ते उघड्यावरून येतं, त्यात गुरं उतरतात. पण ठिबकचं पाणी मुळाशी जातं, घडाला लागत नाही. घडाला लागतं ते फवारणीच्या टाकीतलं पाणी. ते आम्ही ज्या शेततळ्यातून भरत होतो, त्याच्या काठावर शेण टाकलेलं होतं. चार ठिकाणी फवारणीसाठी विहिरीचं पाणी सुरू केलं, खत हलवलं. एवढ्या एका बदलासाठी नमुन्यांचे २१,००० रुपये वसूल झाले असं मी म्हणेन.

पहिलं वर्ष किरकोळ दुरुस्त्यांवर पार पडलं.

कुलूप

दुसऱ्या हंगामात, २०२३च्या जानेवारीत, तपासनिसाने निवडलेल्या पाच बागांत माझ्या चुलत्यांची बाग आली. बागेच्या कडेला संडास बांधलेला, पत्र्याचं दार, वर बोर्ड. दाराला कुलूप. तपासनिसाने किल्ली मागितली. किल्ली चुलत्यांच्या खिशात आणि चुलते बाजारासाठी तासगावात. पाऊण तासाने दार उघडलं. आत भांडं कोरं होतं, पाण्याला नळ जोडलेला नव्हता आणि साबणाचं वेष्टणसुद्धा काढलेलं नव्हतं. बाहेर अकरा बायका काढणी करत होत्या. त्यातल्या एकीला तपासनिसाने साधं विचारलं, तुम्ही कुठे जाता? तिने शेजारच्या उसाकडे हात केला.

माझ्या तपासणी कागदावर त्या रकान्यात 'आहे' अशी माझी सही होती. संडास होताच, खोटं लिहिलं नव्हतं. पण प्रश्न तो नव्हता. काम करणाऱ्याला तो जवळ आणि वापरता येण्याजोगा आहे का, असा प्रश्न होता. आणि चुलत्यांच्या बागेवर मी पाच मिनिटांत सही केली होती, कारण ते चुलते होते. तपासणाऱ्याने नात्यातली बाग तपासू नये, हे इतकं उघड आहे की ते मला बाहेरच्या माणसाने सांगावं लागलं याची लाज वाटते. शेरा चुलत्यांच्या बागेवर आलाच, पण अंतर्गत तपासणीवरही आला, आणि तो सगळ्या पंचवीस जणांवर होता. दुरुस्तीला २८ दिवस. नाहीतर ऐन काढणीत सगळ्यांचंच प्रमाणपत्र थांबणार.

त्या २८ दिवसांत दुसऱ्या गावातल्या गटाच्या तपासनिसाला बोलावून माझ्या नात्यातल्या सहाही बागा नव्याने तपासून घेतल्या. त्याच्या गावातल्या त्याच्या भावकीच्या बागा मी तपासल्या. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. ही पद्धत अजून चालू आहे. आणि वहीतला प्रश्न मी मराठीत पुन्हा लिहिला: 'आज सकाळपासून कोणी वापरला? दोघींना विचारा.' उत्तर मालकाकडून घ्यायचंच नाही.

चुलते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. काकू बोलत होत्या.

मधली दोन एकरं

आमच्या सभासदांच्या बागांच्या बरोबर मध्ये एका तात्यांची दोन एकर बाग आहे. ते निर्यातीच्या वाटेला कधी गेले नाहीत, सगळा माल बेदाण्याला. ऑक्टोबर २०२२ मध्ये छाटणीच्या सुमाराला त्यांना गटात घ्यावं असं दोघांनी सुचवलं. बांधाला बांध आहे, वारं इकडून तिकडे जातं. तेव्हा माझाच फळ्यावरचा हिशोब पुढे आला. पंचवीसला पाच बागा, सव्वीस झाले की वर्गमूळ पाचाच्या वर जातं, म्हणजे सहा बागा. तपासनिसाचा अर्धा दिवस जास्त, सुमारे १५,००० रुपये. ज्याला प्रमाणपत्राची गरजच नाही त्याच्यासाठी माणशी ६०० रुपये का द्यायचे? मीही मान डोलावली. तात्यांना घेतलं नाही.

फेब्रुवारीत त्यांच्या बांधालगतच्या सभासदाचा रेसिड्यू रिपोर्ट आला. त्यात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सापडलं होतं. त्याच्या वहीत ते नाही, दुकानाच्या बिलांत नाही, खोलीत नाही. मी तिन्ही गोष्टी दोनदा पाहिल्या. या औषधाची युरोपातली मान्यता २०२० मध्ये संपली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या अंशाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आली. ०.०१ म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. आठेक कंटेनर भरतील एवढ्या मालात चिमूटभर. बांधापलीकडून ब्लोअरचा, म्हणजे पंख्याच्या फवारणी यंत्राचा, एक फवारा आला तरी ती ओलांडली जाते.

तात्यांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. "मारलं की. मिलीबग चढला होता, उसाच्या हुमणीला आणलेलं घरात होतं, तेच मारलं. तुमच्याकडं गेलं व्हय?" त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्यांच्या बाजारात हा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यांना कुणी यादी दिलेली नव्हती. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारशीची यादी, कुठलं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं, हे सगळं आमच्या पंचवीस घरांच्या भिंतींवर होतं. सव्वीसाव्या घरात नव्हतं, कारण आम्ही ते ६०० रुपयांवर अडवलं होतं.

त्या प्लॉटची द्राक्षं युरोपला गेली नाहीत. पुन्हा नमुना देता येतो, पण साखर भरलेली होती, आभाळ येत होतं, थांबणं शक्य नव्हतं. सोळा टन माल गावठी बाजाराला गेला, किलोमागे २२ रुपये कमी. ३,५२,००० रुपये. पंचवीस जणांच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या सामायिक खर्चापेक्षा जास्त रक्कम एका माणसाची बुडाली, आणि त्याच्या वहीत एकही चूक नव्हती. त्याच्या घरी जाऊन हे कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. त्याने माझ्यापुढे वही ठेवली आणि विचारलं, "यात काय लिहायचं ऱ्हायलं होतं?"

नुकसान गटाने वाटून घ्यावं असा मी ठराव मांडला. तो पूर्ण मान्य झाला नाही. त्याचे दोन वर्षांचे हिस्से माफ झाले, एवढंच. मला ते कमी वाटतं.

तिसऱ्या हंगामाआधी तात्यांकडे आम्ही गेलो तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, मला याचा काय फायदा? ताज्या द्राक्षाचं प्रमाणपत्र त्यांच्या बेदाण्याला लागणार नव्हतं. फायदा सांगताना मी खोटं काही बोललो नाही. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उडतं ते पाणी, औषध सगळंच उडत नाही. आज बेदाण्याच्या सौद्यात हे कुणी विचारत नाही, उद्या विचारतील. पण खरी गरज आमची होती, म्हणून त्यांचा हिस्सा गटाने भरायचा ठरला. वही त्यांची सून लिहिते. औषध आणायच्या आधी नाव फोटो काढून मला पाठवते. सामायिक बांधावर हिरव्या नेटचा पडदा लावला, निम्मा खर्च तात्या आणि त्यांच्या बांधालगतच्या सभासदाचा, निम्मा गटाचा.

आणि सव्वीस झालेच आहेत तर छत्तीसपर्यंत बागा सहाच राहतात, हे लक्षात आल्यावर बांधाला बांध असलेले आणखी पाच जण घेतले. गट आता एकतीसचा आहे. सभासद निवडताना आम्ही यादी नाही, गटाचा नकाशा समोर ठेवतो.

दर याने वाढतो का, हे सगळेच विचारतात. आमच्या वहीवरून सांगतो: प्रमाणपत्र आहे म्हणून किलोमागे वेगळे पैसे कुणी मोजले नाहीत. नसेल तर काही गिऱ्हाइकं दारातच उभी करत नाहीत, एवढंच. शिवाय जर्मनीतल्या काही दुकानसाखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशावरच अडवतात, त्याला हे प्रमाणपत्र पुरत नाही. खर्च शेतात होतो आणि हक्क मांडला जातो तो दुकानात. फीचा काही भाग खरेदीदाराने करारात लिहून द्यावा, अशी मागणी आम्ही दोनदा केली. एकाने किलोला २५ पैसे मान्य केले. बाकीच्यांनी नंतर बघू म्हटलं.

संडासांना आता कुलूप नाही. आतून कडी आहे. बायका वर्षभर वापरतात, काढणी नसतानाही, त्यामुळे ते साफ कोण करणार हा नवा प्रश्न उभा राहिला आहे. मालक म्हणतात, वापरणाऱ्यांनी करावं. बायका म्हणतात, मग त्या तासाची हजेरी द्या. येत्या छाटणीच्या बैठकीत हा खर्च सामायिक वहीत घ्यावा, असा मी अर्ज दिला आहे. रक्कम वर्षाला ४८,००० रुपये होते. वाटणी निम्मी माणशी, निम्मी एकरी.